बैलाच्या शिंगाकडं बघ

आत्या, काल मी समुद्रावर उभी राहिले. तू हसायच्या आधी नीट सांगते. कोकणात लाटेवर फळी टाकून तिच्यावर उभं राहायचा एक खेळ आहे. सुट्टी मिळाली की जालन्याहून बस धरून मी तो शिकायला जाते. किनारा लहान, फारसं कुणी येत नाही, आणि वाळू आपल्या रानासारखी काळी. पहिल्यांदा पाहिली तेव्हा वाटलं, आता पायाला चिखलाचे गोळे चिकटणार. पण ती बोटांमधून सुटी होऊन निघून गेली. फुटलेल्या लाटेच्या फेसावर मी आता न पडता उभी राहते. अजून न फुटलेली, मागून उंच होत येणारी लाट मात्र मला कधीच मिळाली नव्हती. ती आली की मी शिकवणाऱ्याला विचारायचे, "घेऊ का?" तोवर ती गेलेली असायची. तो म्हणायचा, "अगो, लाट गेली. आता कोणाक इचारतंस?"

तुला यात नवीन काही नाही. शाळेच्या आधी मुळाक्षरं तूच शिकवलीस, आणि प्रत्येक अक्षर काढून मी "बराबर आहे का?" असं विचारायचे. रानातही तेच. नांगरलेल्या शेतातली ढेकळं फोडायला बाबा बैलांमागं लाकडी फळी बांधून त्यांना हाकतायत. फळीवर वजन लागतं, म्हणून तुला हाक मारतात, "अक्का, ये!" तू पदर खोचत म्हणतेस, "घरात जाडी म्हणता, अन् रानात लागते व्हय मी?" फळीवर चढून तू मला हात देतेस. मी बांधावरच.

"आत्या, पडले तर?"

"पडली त मातीतच पडशील. आभाळात न्हाई."

"पण चढू का?"

"चढू का, चढू का करून राह्यली! चढ आधी, मंग इचार."

मी चढते. फळी हिसका देते, खाली ढेकळं फुटतात, आणि मी मान खाली घालून पायाकडं बघत राहते. तू माझी हनुवटी वर करतेस. "पायाकडं काय बघून राह्यली? बैलाच्या शिंगाकडं बघ." शिंगाकडं बघितलं की पाय आपोआप ठरतात, आणि आपण दोघी धुरळ्यात हसत हसत शेताच्या टोकापर्यंत जातो.

काल शेवटची सकाळ होती, दुपारी परतीची बस. पाण्यात मी आणि शिकवणारा, दोघंच. मागून एक लाट गुळगुळीत उठली. मी जोरात हात मारले, फळी उचलली गेली, पुढं उतार दिसला, मी उठले आणि नजर पायाकडं जायला लागली. समुद्रात शिंगं कुठली? किनाऱ्यावर सुरूची झाडं होती. त्यातले दोन शेंडे निवडले. पाय ठरले. लाट फुटली ती माझ्या मागं, आणि मी तिच्या अंगावरून तिरकी, पार काळ्या वाळूला फळी टेकेपर्यंत. मी इतक्या मोठ्यानं हसले की किनाऱ्यावर झोपलेलं कुत्रं उठून भुंकायला लागलं.

तुला जाऊन बरीच वर्षं झाली, हे पत्र कुठंच जाणार नाही. तरी तुझ्याशी खोटं नको. काल त्या लाटेवरही मी "घेऊ का?" असं विचारलंच. फक्त विचारलं तेव्हा मी उभी होते.