केकमधलं बाळ आणि पाहुण्यांचा विमा

न्यू ऑर्लिन्स, मंगळवार

तीर्थस्वरूप क्लोव्हिसकाकांना पुतणी ओडेलचा मनापासून नमस्कार.

गुडघे कसे आहेत? दातांचा दवाखाना चालू आहे ना अजून? (सहज विचारते.) इकडे सगळं ठीक. मागच्या दोन खोल्या मी रोजाच्या भाड्याने देते, त्याचा परवाना शुक्रवारी संपतोय आणि शनिवारी मिरवणूक बघायला ओहायोची सहा माणसं उतरायची आहेत. परवाना हवा तर विम्याचा दाखला आणा म्हणे. पाहुणा घसरला, भाजला, त्याला कुत्रा चावला, तर भरपाई कोण देणार? अठरा वर्षांत माझ्याकडे एकच पाहुणा भाजला, तोही उकळत्या गम्बोच्या रश्शात बोट घालून चव बघायला गेला म्हणून. पण नियम म्हणजे नियम.

काल विमा कंपनीचे श्री. टेरियो घर तपासायला आले. माणूस आपल्याकडचाच, पण चेहरा मयताला आल्यासारखा. जिन्याचा कठडा हलतो, लिहिलं. गालिच्याचं टोक वर आलंय, लिहिलं. आमच्या ब्यूफोर्डचा जबडा उघडून दात मोजले (कुत्र्याला सातच उरलेत), तेही लिहिलं. आता कार्निव्हलच्या दिवसांत दारी आलेल्याला किंग केक न देता कसं पाठवायचं? आई थडग्यातून उठून आली असती. हल्ली बेकरीवाले खटल्याला भिऊन केकमध्ये लपवायचं ते बाहुलीसारखं बाळ आत न घालता वेगळ्या पुडीत देतात, मला नाही बाई ते पटत. मी आजीचं चिनी मातीचं बाळ, घेवड्याच्या दाण्याएवढं, नेहमीसारखं केकच्या आत दडवलं होतं. ते नेमकं यांच्याच घासात यावं? दाढेचा तुकडा बशीत पडला. मी आपली सवयीने म्हणून गेले, "बाळ तुमच्या वाट्याला आलं, पुढचा केक तुम्ही आणायचा." त्यावर ते गाल धरून म्हणाले, "बाई, सही आधी करू की दाढ आधी बघू?"

तेव्हाच तुमची आठवण आली.

तुमची,
ओडेल

ता. क. गुरुवारी त्यांना तुमच्याकडे पाठवते. दाढ बसवताना माझ्याबद्दल चार बरे शब्द बोला. तोंड उघडं असेल, त्यांना उलट बोलता यायचं नाही.

आणखी ता. क. बाळ सापडत नाहीये. त्यांनी अर्जावर लिहिलंय, "घरात गिळता येईल अशी सुटी वस्तू, बेपत्ता", आणि ती सापडल्याशिवाय सही करणार नाहीत. बशी शोधून झाली, गालिचा झाला, ब्यूफोर्डही झाला. ते कुठे आहे हे मला पक्कं ठाऊक आहे, पण गृहस्थ म्हणतात, "गिळलं असतं तर मला कळलं नसतं का?" काका, दाढेचा एक्स-रे काढाल तेव्हा यंत्र जरा खाली धरता येतं का बघा.