विहीर माझी, वाट जावेची

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा शेती, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण त्याशिवाय माझ्या थोरल्या जावेला ते पटणार नाही.

१. राहते घर, भांडीकुंडी व बँकेतील शिल्लक माझ्या सुनेला. मुलाने हरकत घेऊ नये. तो शेतात पाहुण्यासारखा येतो आणि सल्ले देऊन जातो.

२. विहिरीलगतची दोन एकर जमीनही सुनेलाच. बारमाही पाणी असून आम्ही जन्मभर तिच्यात घरापुरते धान्यच पिकवले. मागे पाहणीला आलेल्या साहेबांनी विचारले, "आजी, बाजारासाठी का नाही पिकवत?" मी म्हटले, "वाट नाही." त्यांनी कागदावर लिहिले, 'मानसिकता'. मला अजून संताप येतो. वाटणीत विहीर आमच्याकडे आली आणि रस्त्याकडची जमीन थोरल्या दिरांकडे. त्यांनी गाडीवाट दिली नाही, आम्ही पाणी दिले नाही. दोघे भाऊ गेले, तरी आम्ही जावांनी भांडण नेटाने चालवले. सुनेने टोमॅटो लावले तेव्हा बांधाबांधाने डोक्यावरून पाट्या नेल्या. रस्त्यावर पोहोचेपर्यंत टेम्पो निघून गेला होता. हाच टेम्पो जावेच्या दारात थांबतो, पण त्यात भरायला तिच्या कोरड्या रानात काही पिकत नाही.

३. फवारणीचा पंप सुताराने नेला आहे. तो परत आणावा. मी मेल्यावर तरी माझी वस्तू माझ्या घरी असावी.

४. विहिरीच्या पाण्याचा निम्मा हक्क मी थोरल्या जावेला देत आहे. वकील म्हणाले, "बाई, वाट दिली तरच पाणी, अशी अट घाला." अट घालायची नाही. अट दिसली की ती कोरड्या रानात बसून राहील, पण वाट देणार नाही. मीही तेच केले असते. फुकटचे मात्र तिला पचत नाही. तिच्या आजारपणात मी एकदा तांब्याभर दूध पाठवले, तर दुसऱ्या दिवशी दोन तांबे परत आले.

तेव्हा मी गेल्यावर विहिरीवर तिची मोटार बसवू द्यावी आणि वाटेबद्दल कोणी अवाक्षर काढू नये. ती मला शिव्या घालील, आठ दिवस धुसफुसेल, आणि मग स्वतःच बांध फोडील. सूनबाई, तोवर टोमॅटोची रोपे तयार ठेव.

लिहून देणार: (सही)
साक्षीदार: दवाखान्यातील नर्सबाई (सही), निवृत्त मास्तर (सही)
ठिकाण: माझ्या घराची ओसरी
दिनांक: १४ मे