सातव्या पेटीतली वही

३ मार्च

तीन महिने ग्रंथालयात बसून तुला माझी आई सापडत नाही, आणि वर मलाच विचारतेस, ती खरंच सुईण होती का म्हणून! मग तुझ्या बापाला काय आभाळातून टाकलं?

चि. टिटवीस अ. आ.

वीस तारखेपर्यंत कागद दाखवला नाही तर तुझे सर तिचं प्रकरण प्रबंधातून काढणार म्हणतेस. अगं, तू शोधतेस पुस्तकांच्या सूचीत. जिला सही येत नव्हती ती पुस्तक कुठून छापणार? तिनं खुणांची वही ठेवली होती. एक पान एक महिना. उभी रेघ मुलगा, आडवी मुलगी. टिंब असलं तर ते बाळ राहिलं नाही. वही तिनं, ज्या इस्पितळात ती बाळंतपणं करायची तिथल्या डॉक्टरीणबाईंना दिली, आणि बाईंच्या मागे त्यांचे कागद तुमच्याच ग्रंथालयात गेले.

मी चाळीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईत काढली. हरवलेली चादर पांढरी आहे म्हणून शोधत नाहीत, गाठोडं कुठल्या वॉर्डाचं ते आधी बघतात. तशी कुणाकडून काय आलं याची सूची माग.

माया आहेच, ती दरवेळी लिहायला लावू नकोस.
आजी

१५ मार्च

ती. आजीस सा. न.

ती सूची निराळीच निघाली. तळघरात, लाकडी खणांत, हातानं लिहिलेल्या कार्डांवर. डॉक्टरीणबाईंच्या नावावर अकरा पेट्या. वही सातवीत होती. कार्डावर लिहिलंय, 'लहान मुलाच्या रेघोट्या.'

आजी, बाराशे सहा रेघा! पुढच्याच खणात बाईंच्या इस्पितळाच्या जन्मनोंदींचं कार्ड होतं. ते रजिस्टर काढून पानाशी पान लावलं, तर महिन्यामागून महिना जुळत गेला, टिंबांसकट. ग्रंथपाल बघायला आले ते खुर्ची ओढून तिथेच बसले. सरांनी वही दोनदा उलटली आणि एवढंच म्हणाले, की प्रकरण पहिलं घ्या.

तुझ्या लोभातली,
टिटवी

१९ मार्च

चि. टिटवीस अ. आ.

बाराशे सहा. आकडा वाचला आणि कपडे वाळत घालायचे सोडून पायरीवर बसले. एवढी माणसं त्या दोन हातांत आली, आणि वेणी घालताना तेच हात केस ओढतात म्हणून मी भांडायचे. किती ते तिनं कधी सांगितलं नाही गं.

आता तू उत्तर लिहायचं नाहीस. ते रेघोट्यांचं कार्ड कुणी का लिहिलेलं असेना, खुर्चीवर आज ग्रंथपाल आहेत. त्यांनी ते बदलायचं, आणि नव्या कार्डावर काय लिहिलं, ते त्यांनी स्वतःच्या हातानं मला कळवायचं.

आजी