कळमेश्वरच्या ढाब्यामागची झाकलेली गाडी

नंदनवन, नागपूर
मृग लागला, पाऊस नाही

तीर्थरूप जागेश्वरदादास,

धाकट्या गोपिकेचा खाली वाकून नमस्कार. (गुडघ्यांमुळे हल्ली मला देवापुढेही वाकता येत नाही, पण कागदावर वाकायला डॉक्टरांची हरकत नाही.) इकडे आम्ही ठीक आहोत. कूलरचा पंप ऐन उन्हाळ्यात बसला तेव्हा मधुकररावही बसले होते, पण दोघेही आता सुरू आहेत. तुझं पोट, गुडघा आणि झोप कशी आहे ते वेगवेगळं कळव. तिघांचं मिळून एकच "बरं आहे" पाठवू नकोस. आयुष म्हणत होता, बाबा वेळेवर जेवतात, गोळ्या घेतात, पण खिडकीजवळच्या खुर्चीतून उठत नाहीत. वहिनी गेल्या त्याला वर्ष होत आलं. त्याबद्दल मी लिहीत नाही. लिहायला घेतलं होतं, तो कागद फाडून हा दुसरा घेतला आहे.

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पोस्टाचं पाकीट. पाकीट एकदा हातात पडलं की माणसाला फोडावंच लागतं, एवढा माझा टपाल खात्यावर विश्वास आहे.

तर झालं असं. टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झाल्यावर मी मोबाइलवर "चाकं आणि चर्चा" नावाच्या ग्रुपात शिरले, हे तुला ठाऊक आहे. सगळे गाडीवेडे. माझ्या नावाच्या जागी "जी. निनावे" आणि फोटोच्या जागी स्टिअरिंग असल्यामुळे पहिले कित्येक महिने मला सगळे "सर" म्हणायचे, आणि मीही खोडून काढलं नाही. सर म्हटलं की लोक आपलं म्हणणं शेवटपर्यंत वाचतात असा माझा अनुभव आहे. पुढे एकदा मी चुकून कुरडयांचा फोटो तिथे टाकला आणि सर्वांना उलगडा झाला. तरी मान कमी झाला नाही. फक्त जरीपटक्याचा प्रज्वल (त्याचं सीट कव्हरचं दुकान आहे, आणि ग्रुप त्यानेच काढला आहे) कुरडया विकत मिळतील का म्हणून विचारत होता.

यंदा सगळ्या ग्रुपाला एकाच गाडीने झपाटलं होतं. एक कंपनी अजून बाजारात न आलेली स्पोर्ट्स कार रस्त्यावर चालवून पाहते आहे. दोन दारांची, जमिनीला चिकटलेली. आकार कळू नये म्हणून तिच्या अंगावर काळ्यापांढऱ्या वेटोळ्यांचं स्टिकर चिकटवलेलं, जसं काही कुणी झेब्र्याला घुसळून काढलं आहे. कुणीतरी टोलनाक्यावर चोरून फोटो काढतो, फोटोत अर्धी गाडी, अर्धा ट्रक आणि काढणाऱ्याचं बोट असतं, आणि त्यावर आम्ही आठ-आठ दिवस भांडतो. इंजिन पुढे की मध्ये? मागचे दिवे दोन की एकच लांब पट्टी? एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले गणपतराव आहेत, ते प्रत्येक फोटोखाली एकच प्रश्न विचारतात, "मायलेज किती देते?" माझं मत होतं की इंजिन मध्येच आहे, कारण मागच्या चाकांवर गाडीचे खांदे वर आलेले दिसतात. हे मी इतक्या ठामपणे लिहीत गेले की लोक नवीन फोटो आला की आधी "निनावे मॅडम काय म्हणतात?" असं विचारू लागले. दादा, या वयात कुणी आपलं मत विचारतं याची केवढी चटक लागते!

त्या वेटोळ्यांकडे पाहताना मला सारखी तांडापेठेतली आपली खोली आठवायची. बाबा काठाचं डिझाइन ज्या चौकटीच्या कागदावर उतरवायचे, त्यावर तू गाडी काढली होतीस, लांब नाकाची, मागचं दार नसलेली. कागद महाग होता म्हणून तुला मार बसेल असं मला वाटलं, आणि मी आधीच रडून घेतलं. मार काही बसला नाही. बाबांनी विणलेल्या पुढच्या लुगड्याच्या काठावर मात्र फुलांच्या ऐवजी तुझ्या गाड्यांची ओळ उतरली, पदरापासून पदरापर्यंत! व्यापाऱ्याने ते लुगडं परत पाठवलं. मग आई ते लग्नाकार्यात नेसायची, आणि बाया काठ हातात धरून अंदाज करायच्या. कुणी म्हणे कासव, कुणी म्हणे चप्पल. सखूबाई आत्याने तर छातीठोक सांगितलं होतं की ही लाटण्याखालची पोळी आहे. आईने शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही की ही माझ्या जागूची मोटार आहे. नुसती हसायची.

असो. मे महिन्यात प्रज्वलचा निरोप आला की गाडी आपल्याकडे आली आहे. कडक ऊन सोसतं की नाही हे पाहायला कंपन्या म्हणे इकडे येतात. (आपलं ऊन पाहायला पुण्याहून माणसं येतात याचा मला उगाच अभिमान वाटला.) कळमेश्वर रोडवरच्या एका ढाब्यापाशी ती दिसली होती. त्याच दिवशी कळमेश्वरला माझ्या चुलत नणंदेच्या, हर्षाच्या मुलीचा साखरपुडा होता, आणि उन्हाचं कारण सांगून मी जायचं नाही असं ठरवलं होतं. मी ताबडतोब पैठणी काढली. मधुकरराव इस्त्रीचा सदरा घालून निमूट बाजूला बसले, पण ढाब्यापाशी मी गाडी हळू केली तशी त्यांना शंका आली.

"साखरपुड्याले चाललो आपण, का शिकारीले?"

"पाणी प्यायले थांबून राहिली मी," मी म्हटलं. मागच्या सीटवर पाण्याच्या बाटल्या आणि पन्ह्याचा थर्मास होता, ते त्यांनी पाहिलं आणि गप्प राहिले. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी एवढी कला मात्र कमावली आहे.

ढाब्याच्या मागे, बाभळीच्या अर्धवट सावलीत, मेणकापडाखाली ती उभी होती. दादा, तीच ती! लांब नाक, मध्ये खोलगट बैठक, आणि मागे उंच चढत गेलेली शेपटी. पैठणीचा पदर डोक्यावर घेऊन मी चारही बाजूंनी फोटो काढले. एकदा तर जमिनीवर उकिडवी बसले, ज्यातून मला मधुकररावांनी उठवलं. फोटो ग्रुपात टाकले आणि खाली तिथेच उभ्याने विश्लेषण लिहिलं: बैठक मध्ये खोल आहे, म्हणजे दोघांनाच जागा. शेपटीकडची उंची पाहता मागचा पंख वेगाप्रमाणे आपोआप उघडत असावा. नाकाचा बाक या कंपनीने यापूर्वी कधीही केलेला नाही. दहा मिनिटांत फोनचं नुसतं मोहोळ उठलं. प्रज्वलने लिहिलं, "मॅडम, तुम्ही इतिहास घडवून राहिल्या." कुणीतरी माझे फोटो गाड्यांच्या वेबसाइटवरही चढवले. गणपतरावांनी मायलेज विचारलं.

तेवढ्यात गरम वाऱ्याचा एक झोत आला आणि मेणकापडाचं टोक सुटून वर उडालं.

मोर होता. चांगला गळ्यात मण्यांची माळ घातलेला, निळ्या रंगाचा, फायबरचा मोर. पुढे त्याची मान, मध्ये लाल मखमलीची दोन माणसांची बैठक आणि मागे घडी घातलेला पिसारा. वरातीचा रथ होता तो! मोर माझ्याकडे बघत होता. मग खाटेवर झोपलेला त्याचा मालक उठला. हेमराज नाव, बनियानवर होता बिचारा.

"काय बाई, पोरीच्या लग्नासाठी पाहून राहिल्या का? या महिन्यात एकही तारीख खाली नाही. पिसारा बटणावर उघडते, दाखवू का?"

त्याने विचारलं होतं तरी उत्तराची वाट न पाहता बटण दाबलं. पिसारा खरंच आपोआप उघडला. तेवढं एक माझं बरोबर निघालं. मधुकररावांना राहवलं नाही. त्यांनी फोटो काढला आणि कौतुकाने ग्रुपात टाकला. (ते ग्रुपात आहेत हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.)

तोंड धुवायला म्हणून मी पुढच्या बाजूला आले, तर तिथे एक मुलगी बाकड्यावर भिंतीला टेकून बसली होती. पॅंट-शर्टातली, चेहरा लालबुंद, डोळे मिटलेले. बाजूला जाड चष्म्याचे एक साहेब फोनवर कुणाला तरी डॉक्टरचा पत्ता विचारत होते. मी फोन पर्समध्ये टाकला. तिच्या मानेवर ओला टॉवेल ठेवला, पर्समधला कांदा फोडून नाकाशी धरला, आणि थर्मासातलं पन्हं घोट घोट पाजलं. साखरपुड्याला नेत होते ते सगळं पन्हं तिला दिलं. अर्ध्या तासाने ती नीट बोलू लागली. मिनल तिचं नाव. पुण्याची, पहिलीच नोकरी.

"काय करतेस बेटा?" मी विचारलं.

ती साहेबांकडे बघून हळूच म्हणाली, "काकू, गाडी चालवून बघते," आणि तिची नजर समोरच्या कडुनिंबाकडे गेली.

दादा, ती तिथे होती. खरी. मी मोराच्या प्रदक्षिणा करत होते तेव्हा ती कडुनिंबाखाली उघड्यावर उभी होती, आणि मी तिच्या शेजारूनच चालत मागे गेले होते. उन्हाने मागचं स्टिकर सुटलं होतं म्हणून त्यांनी तेवढा भाग सोलून काढला होता. दिवे, खांदे, सगळं दिसत होतं. माझा हात आपोआप पर्सकडे गेला. मिनलने तो पाहिला. ती काही ओरडली वगैरे नाही. पन्ह्याचा ग्लास खाली ठेवून एवढंच म्हणाली, "काकू, फोटो बाहेर गेला तर पहिलं मला काढतील."

मी पर्सची चेन लावली. एक्स्चेंजमध्ये आयुष्यभर लोकांची बोलणी कानावर पडली, भांडणं, सोयरिकी, रडारड, त्यातला एक शब्द मी घरी आणला नाही. म्हटलं, ही सवय आता कशाला मोडायची? "सांगणारही नाही आणि दाखवणारही नाही," मी तिला म्हटलं. साहेब चष्मा पुसत होते, ते म्हणाले, "फोन काकांकडे द्या आणि दोन मिनिटं आत बसून बघा."

बसले म्हणणं चूक आहे. मी आत पडले. सीट इतकी खाली की वाटलं रस्त्यावरच बसले. आत वायरी लोंबत होत्या, जागोजाग चिकटपट्ट्या होत्या, एक लाल बटण होतं ज्याला हात लावू नका असं दोघांनी एकदम सांगितलं. आणि मग पाय पुढे गेले, खोल, सरळ, खालच्या पेडलच्या पट्ट्यांपर्यंत. हात जिथे गेला तिथे काही ना काही होतं, मागे टेकायला होतं, आणि समोर दिसत होती ती फक्त एक आडवी फट. दादा, मी बाबांच्या हातमागाच्या खड्ड्यात बसले होते. आपण शाळेतून आलो आणि बाबा जेवायला उठले की आळीपाळीने त्या खड्ड्यात उतरायचो आणि मागाच्या पट्ट्यांपर्यंत पाय पुरत नाहीत म्हणून घसरत घसरत खाली जायचो, आठवतं? आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला हात लावायचा नाही अशी ताकीद असायची. त्या दिवशी माझे पाय पुरले. मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून नुसती बसून राहिले, आणि पन्हं पाजून बरी केलेली मुलगी मलाच विचारू लागली, "काकू, चक्कर येतेय का?"

चक्कर नव्हती. पण उठता येईना. पैठणी, गुडघे आणि ती सीट यांचं एकमत झालं होतं. एका हाताला मधुकरराव, दुसऱ्या हाताला चष्म्याचे साहेब, आणि गलका ऐकून मागून आलेला हेमराज सूचना द्यायला. शेवटी त्यानेच मला ओढून काढलं, आणि गाडीकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाला, "याच्यापेक्षा आमचा मोर बरा. नवरदेव उठते तरी."

साखरपुड्याला आम्ही पोचलो तेव्हा पंगत उठली होती. हर्षा अजून रुसलेली आहे.

तेव्हापासून ग्रुपात माझं नाव "मोरताई" पडलं आहे. प्रज्वल रोज सकाळी शुभ प्रभात म्हणून तोच पिसारा टाकतो. मागच्या दिव्यांबद्दल अजून वाद चालू आहे, आणि सगळे चुकीचं बोलून राहिले आहेत. एका ओळीत मी सगळ्यांची तोंडं बंद करू शकते. टाइप करते, आणि पुसते. परवा तर गणपतराव म्हणाले, "मोरताई हल्ली बोलत नाहीत, जाऊ द्या, वय झालं." दादा, एवढं मोठं पाहिलं आणि कुणाला सांगता येत नाही. आई त्या बायांमध्ये नुसती का हसायची, ते आता मला कळलं.

आयुषला आशीर्वाद. तू नीट जेव, आणि पंख्याखाली झोपताना अंगावर काहीतरी घे.

तुझी
गोपिका

ता. क. मधुकरराव म्हणतात, दादांना खोटं लिहू नकोस. म्हणून लिहिते की शेजारच्या कांताबाईला मी थोडंसं सांगितलं. पण तिला गाडीतलं काही कळत नाही. तिने फक्त रंग विचारला, तो सांगितला.

ता. क. आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. मिनलचा फोन आला होता. दसऱ्याच्या सुमारास ती गाडी तुमच्याच पुण्यात लोकांसमोर आणणार आहेत. मी येते आहे. मधुकरराव येत नाहीत, त्यांना मोर आवडला. मला सोबत पाहिजे आणि ती तुझीच पाहिजे. तू बसून राहतोस ती खुर्ची वहिनींची आहे हे मला आयुषने सांगितलं नव्हतं, ते मी फोनवर त्याच्या आवाजावरून ओळखलं. तुला उठ म्हणून सांगायची माझी हिंमत नाही, वहिनींचीच होती. पण इंजिन पुढे की मध्ये हे मी या कागदावर लिहिणार नाही. ते तुला येऊनच बघावं लागेल.

ता. क. कार्यक्रमाचा पास वगैरे मिळालेला नाही. मिनल म्हणाली, "काकू, आत सोडणं माझ्या हातात नाही, पण संध्याकाळी गाडी मागच्या गेटाने बाहेर काढू तेव्हा दिसेल." तेव्हा चपला नको, बूट घाल. बराच वेळ उभं राहावं लागेल.