गर्दभवाहिनीची ओटी

रविवार, ११ जानेवारी २०२६

आज सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी, चौलच्या पुढच्या एका गावात, तळ्याकाठी, सगळ्या मंडळासमोर माझी सायकल माझ्या हातातून काढून टेंपोत टाकण्यात आली. ठेवण्यात नव्हे, टाकण्यात. घंटी आपटून वाकडी झाली आहे.

तारीख-वेळ मुद्दाम लिहून ठेवते. जन्मभर फोर्टात सॉलिसिटरांच्या ऑफिसात स्टेनो होते. लेखी नसलेली गोष्ट घडलेलीच नसते, हे मला कुणी शिकवायला नको.

सगळं क्रमाने.

'निवांत चाके' हे आमचं ज्येष्ठांचं सायकल मंडळ. महिन्यातून दोनदा भाऊच्या धक्क्यावरून सायकली बोटीत घालायच्या, मांडव्याला नाहीतर उरणला उतरायचं आणि गावागावांतून रमतगमत जुनी देवळं, किल्ले बघायचे. कल्पना उत्तम. पण कॅप्टन हितेंद्र! साठीचा माणूस, केस बुटपॉलिशसारखे, लालबागेत सायकलींचं दुकान, आणि सायकलच्या दांड्याला बांधलेला स्पीकर. तो स्पीकर शेताडीतून जाताना गाणी म्हणतो आणि थांबल्यावर इतिहास सांगतो. दोन्ही सारखंच खोटं. त्याच्या मते प्रत्येक विहिरीत एक राणी अंघोळ करायची आणि प्रत्येक किल्ल्याखालून एक भुयार थेट रायगडाला जातं. मागून दमलेल्यांसाठी दौलतचा टेंपो. आणि आम्ही सगळे पिवळ्याधमक टी-शर्टात. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, गॅस सिलेंडरवाल्यांची सहल आहे.

तरी आजची सकाळ छान होती. तेवढं लिहायला हवं. पांढऱ्या कांद्याचे वाफे, वालाच्या शेंगा, कुठूनतरी शेंगांची मडक्यातली पोपटी भाजल्याचा रात्रीचा वास अजून राहिलेला. खालच्या मजल्यावरची नलू माझ्या पुढे, नेहमीसारखी मधूनच मागे वळून बघणारी. मी वैतागून म्हटलं, "नलू, पुढे बघ, नाहीतर म्हशीवर जाशील." "तू पडलीस तर म्हशीला कोण विचारतंय," ती म्हणाली.

डिसेंबरात उरणच्या राईडला मला घेरी आली होती. वीस तारखेला ट्रेडमिलची तपासणी आहे. ती नीट झाली तरच सायकल, नाहीतर बंद, असं डॉक्टर म्हणाले. हे नलूशिवाय कुणाला माहीत नाही आणि माहीत व्हायचंही नाही.

तर तळ्याकाठी एक उभा दगड. शेंदराने माखलेला. हितेंद्र स्पीकरवरून सुरू झाला, "ही बघा, गर्दभवाहिनी. शीतलादेवी! हजार वर्षांपूर्वीची. खाली गाढव दिसतंय ना? ते वाहन. इथे मागितलेलं मिळतंच. आपल्या सीनियर ताईंनी देवीची ओटी भरावी."

सीनियर ताई म्हणजे नलू. तळ्याच्या पायरीवर कौसल्या नावाची बाई बसली होती, तिच्याकडून नलूने नारळ घेतला, खण घेतला, तांदूळ घेतले. गुडघे दुखत असताना खाली बसली. ओटी भरली. दगडाला कपाळ टेकलं आणि ओठ हलवायला लागली. हितेंद्रची सून मेघना मोबाइलवर शूटिंग करत होती.

मी शेंदराखाली बघितलं. वर सूर्य, चंद्र, कलश. मध्ये झिजलेली अक्षरं. खाली गाढव, आणि बाई. पण बाई गाढवावर बसलेली नाही. गाढवच... आमच्या शाळेतल्या सिस्टरनी सगळ्या वर्गाचे डोळे झाकले असते. गिरगावात लायब्ररीच्या व्याख्यानाला अशाच दगडाचा फोटो पडद्यावर दाखवला होता, तेव्हा पुढच्या रांगेतले दोन गृहस्थ उठून गेले होते. गधेगाळ म्हणतात त्याला. कुणीतरी जमीन, तळं दान दिलं, आणि ते बळकावणाऱ्याला दगडावर कोरून आईवरून शिवी घातली.

मी म्हटलं, "नलू, ऊठ. ती देवी नाही. ती शिवी आहे. आईवरची."

मंडळातल्या धम्मपालच्या नाकातून चहा बाहेर आला आणि सगळं मंडळ हसत सुटलं. नलू उठली. कपाळाला शेंदूर.

हितेंद्र म्हणाला, "मॅडम, लेडीजसमोर काय भाषा ही?"

"मी लेडीच आहे," मी म्हटलं.

"दौलत, ह्यांची सायकल वर घे. ह्या टेंपोतून येतील. मंडळात शिस्त पाहिजे."

कौसल्या पायरीवरून ओरडली, "नारल परत घेनार नाय हां, सांगून ठेवते!"

मांडव्यापर्यंत टेंपोत दौलतच्या शेजारी बसून आले. मी! थोड्या वेळाने तो म्हणाला, "बाई, मग ते गाढव करतंय काय?" मी सांगितलं. त्यानंतर धक्का येईपर्यंत तो रिकाम्या रस्त्यावरही हॉर्न वाजवत राहिला.

बोटीत नलू पलीकडच्या बाकावर बसली. घरी जिन्यातही पुढे निघून गेली. वा! अपमान माझा आणि फुरंगटायचं हिने.

सोमवार, १२ जानेवारी

हितेंद्रला पत्र पाठवलं. एक : सायकल कोणत्या अधिकाराने काढून घेतली? दोन : शिवीला देवी म्हणून ज्येष्ठ महिलेला तिची ओटी भरायला का लावली? तीन : घंटी. खुलासा लेखी हवा, बुधवारी, एकवीस तारखेला संध्याकाळी पाचच्या आत. तोंडी खुलासा ग्राह्य धरला जाणार नाही.

टाईप करून झाल्यावर बरं वाटलं.

मेघनाने तो व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर टाकला आहे. माझा आवाज येतो, चेहरा नाही. चेहरा नलूचाच. वर हसऱ्या चेहऱ्यांची रांग. शी! लोकांना हसायला काहीही चालतं.

मंगळवार, १३ जानेवारी

उत्तर नाही. नलू सकाळी फिरायला आली नाही.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. नलू वर आली, तिळाच्या वड्यांचा डबा कठड्यावर ठेवला, गोड बोला म्हणायचं असतं ते न म्हणताच खाली गेली. पाठीमागून मी म्हटलं, "खोबरं जास्त झालंय." खरंच झालं होतं.

ह्या बिल्डिंगीत आम्ही दोघी जन्मलो. मी कॉन्व्हेंटची, ती म्युनिसिपालटीची, मैत्री जिन्यातली. मी रिटायर झाले त्या आठवड्यात दोघींनी एकाच दुकानातून सायकली घेतल्या. जिन्याखाली एकाच साखळीने बांधतो. किल्ल्या दोन, एकेकीकडे एकेक.

मी काय खोटं बोलले? तिला शिवीपुढे कपाळ टेकत बसू द्यायला हवं होतं का?

शुक्रवार, १६ जानेवारी

कॅप्टनसाहेबांचं उत्तर आलं. लेखी नाही. फोनवर बोलून पाठवलेलं, मागे कुणीतरी ट्यूबला पंप मारतंय.

"बकुळामॅडम, तुमच्या वयाचा मान आहे. पण आपल्या मंडळात सगळ्या सुसंस्कृत घरातल्या बायका येतात. ते गाढवाचं वगैरे... देवीबद्दल असं बोलायचं? गावातले लोक काय म्हणतील? आणि नलूताईंचा विचार करा जरा. तुम्हाला आम्ही सध्या विश्रांती देतोय."

विश्रांती! लगेच ग्रुपमधूनही काढलं. नलूचा विचार करायला मला हा सांगणार! ओटी कुणी भरायला लावली? त्याची किळस येते. त्या केसांची, त्या स्पीकरची, त्या प्रत्येक गोष्टीवर शेंदूर फासण्याची. दगडावर लिहिलंय काय ते वाचायचं नाही, वर गंध-फुलं वाहिली की झालं.

रात्री धम्मपालचा फोन. परळ व्हिलेजमधला, रिटायर्ड शिक्षक, मंडळात एवढा एकच माणूस वाचतो.

"मॅडम, सॉरी हां. मी हसलो तुमच्या बोलण्यावर. पण बाकीचे नलूताईंवर हसले. मला वाटलं तुम्हाला सांगावं."

"मला दिसलं नाही का?"

"तुम्ही हितेंद्रकडे बघत होता."

फोन ठेवला. ह्यालाही बोलायची हौस.

रविवार, १८ जानेवारी

मंडळ आज कोर्लईला गेलं. कोर्लई! किल्ला, दोन्ही बाजूंना समुद्र. मी ते वर्षभर मागत होते.

मी उजाडताना एकटी शिवडीच्या किल्ल्यावर गेले. सायकलने. डॉक्टरांना सांगणार नाही. रस्त्यावर ट्रक, धूळ, दर चार पावलांवर कुत्रं. किल्ल्याच्या भिंतीला टेकून कुणीतरी केक कापलेला, त्याचं क्रीम तटावर थापलेलं. खाली चिखलात फ्लेमिंगो होते, तेवढेच स्वच्छ. परतताना छातीत धाप. फुटपाथच्या कठड्यावर बसले. मागे वळून बघणारं पुढे कुणी नव्हतं.

साखळी सोडताना बघितलं होतं. नलूची सायकल जागेवरच होती. म्हणजे तीही कोर्लईला गेली नाही. मला काय त्याचं.

मंगळवार, २० जानेवारी

तपासणी. छातीला वायरी चिकटवून पट्ट्यावर चालवतात, मग पट्टा चढावर येतो. ती मुलगी सारखं म्हणत होती, "आजी, छान, आजी, अजून थोडं." मी म्हटलं, "मी तुझी आजी नाही, पेशंट आहे."

बाहेर आले तर बाकावर नलू. पिशवीत थर्मास.

"तू इथे कशाला?"

"ह्यांच्या गोळ्या घ्यायच्या होत्या."

"दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर?"

तिने थर्मास उघडला. चहा ओतला. आलं घातलेलं. मी अर्धा प्याले.

मी विचारलं, "त्या दिवशी काय मागत होतीस गं?"

"शिवीकडे काय मागणार?"

"नलू."

"बकूची सायकल सुटू देऊ नकोस म्हटलं. दुसरं काय." थर्मासचं झाकण लावायला तिला फार वेळ लागला. "पुढे म्हणायचं होतं, मी पुढे असते, मला मागचं सगळं दिसत नाही, तू बघ. तेवढ्यात तू ओरडलीस. आणि सगळे हसले. व्हिडिओत बघ, माझं तोंड उघडंच आहे अजून."

मग उठून लिफ्टने गेली. मी जिन्याने. का, ते माहीत नाही.

बुधवार, २१ जानेवारी

पाच वाजून गेले. हितेंद्रचा खुलासा नाही. मी घड्याळाकडे बघितलंही नव्हतं.

गुरुवार, २२ जानेवारी

रिपोर्ट नॉर्मल. सायकल चालवायला हरकत नाही, असं लेखी.

खालील चिठ्ठी नलूच्या दाराखालून सरकवली. ही नक्कल.

'नलू हिस. नवस अर्धाच बोलला गेला, तोही शिवीपुढे, तरी फळला. तेव्हा फेडावा लागणार. देवी असो की शिवी, तळं तिने राखलंय आणि मलाही. रविवारी पहिली बोट. नारळ तू घे, खण मी घेते, कौसल्याशी घासाघीस करायची नाही. तिथे तू सगळं म्हणून होईपर्यंत मी तोंड उघडणार नाही. हे लेखी देत आहे. साखळीची माझी किल्ली सोबत जोडली आहे. तुझ्याशिवाय मला आता सायकल काढता येणार नाही. येतेस की नाही, लेखी उत्तर शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत. तोंडी चालेल.'