रविवार दुपारचं इंजेक्शन

प्रिय ठेंगू,

पहिली गोष्ट म्हणजे मला मधुमेह नाही. कधीच नव्हता. तू पाठवलेलं आहाराचं पुस्तक, त्या कडू बियांची पाकिटं, दर सोमवारी फोनवरची 'दादा, साखर किती आली?' ही चौकशी, हे सगळं मी चौदा महिने मुकाट्याने घेत आलो. एकदा तर तुला आकडाही सांगितला, मनानेच ठोकून दिलेला, आणि तू खूश होऊन म्हणालास, 'वा, आटोक्यात आहे.' त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. फ्रिजमधल्या त्या सुया इन्सुलिनच्या नाहीत. कशाच्या आहेत ते आज सांगणार आहे. हे पत्र बसून वाच आणि पूर्ण वाच. तुझी वर्तमानपत्र वाचायची पद्धत, म्हणजे मथळा वाचून घडी घालायची, ती इथे चालणार नाही.

काल तुझ्या बायकोचा, आमच्या धाकटीचा, तुझ्या वहिनीला फोन आला होता. तू प्रोस्टेटच्या ऑपरेशनची तारीख दुसऱ्यांदा पुढे ढकललीस म्हणे. पहिल्यांदा छापखान्यात नवं मशीन येणार होतं, आता तुला सर्दी आहे. कॅन्सर अजून ग्रंथीच्या आतच आहे, आत्ता काढला तर सुटशील, असं डॉक्टरांनी तुला स्वच्छ सांगितलंय. तरीही तू सर्दी बरी व्हायची वाट बघतोयस. धाकटी म्हणाली, 'भावजींना सांगा समजवायला, पण मी सांगितलं असं कळू देऊ नका.' मी ते पहिल्याच पानावर कळू दिलं. तिच्यावर रागावू नकोस, ती घाबरलीय.

माझं हेच ऑपरेशन होऊन तीन वर्षं झाली. घरी आल्यावर तू भेटायला आलास तेव्हा मी म्हणालो, एकदम झकास, नवीन गाडी. गाडीचं खरं सांगतो. पहिले काही महिने लघवीवर ताबा नव्हता, तो हळूहळू आला. दुसरी गोष्ट आली नाही. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं की तिथल्या नसा वाचवायचा प्रयत्न करू, पण खात्री देता येत नाही. माझ्या वाचल्या नाहीत. गोळ्या घेऊन पाहिल्या, त्यांनी डोकं तेवढं दुखलं. मग मी पाठीचं निमित्त काढून आतल्या खोलीत झोपायला लागलो. म्हटलं, कडक पलंग बरा पाठीला. तुझी वहिनी आठ दिवस बाहेर एकटीच झोपली. नवव्या दिवशी आपली उशी घेऊन आली आणि त्या एकट्याच्या पलंगावर माझ्या शेजारी अंग चोरून आडवी झाली. म्हणाली, 'माझीपण पाठ दुखते.' मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. पस्तीस वर्षांत तिच्याकडे पाठ करून झोपायची वेळ भांडणातसुद्धा आली नव्हती.

इंजेक्शनची गोष्ट डॉक्टरांनी काढली तेव्हा मी खुर्चीतून अर्धा उठलोच. लिंगात सुई टोचायची, आणि तीही आपली आपण घरी. मी म्हणालो, आता या वयात काय करायचंय, राहू द्या. तुझी वहिनी माझ्याकडे न बघता डॉक्टरांना म्हणाली, 'सुई केवढी असते?' त्यांनी दाखवली. केसाएवढी बारीक. मग तिथल्या नर्सबाईंनी रबराच्या नमुन्यावर शिकवलं. बाजूला टोचायची, वर किंवा खाली नाही. आज डावीकडे तर पुढच्या वेळी उजवीकडे. सुई काढल्यावर कापसाने पाच मिनिटं दाबून धरायचं. एका दिवसात दुसरी घ्यायची नाही. औषधाचं प्रमाण पहिल्यांदा दवाखान्यातच ठरवतात. शेवटी नर्सबाईंनी विचारलं, 'घरी कोण देणार?' आणि तीस वर्षं वर्गात मुलांचे हात वर करून घेतलेल्या बाईने स्वतःचा हात वर केला.

तिने हात वर केला ते बरं झालं. तुला माहीत आहे, सोनारांचे आणि औषधवाल्यांचे काटे दुरुस्त करण्यात माझी हयात गेली. श्वास रोखून पारड्यावर केस ठेवणारा माणूस मी. पण घरी त्या दिवशी माझा हात असा थरथरला की सुई गादीतच टोचली असती. रविवार होता, दुपारचे तीन. माझ्या कामाच्या टेबलावरचा दिवा तिने पलंगाशी आणला, चष्मा नाकावर सारखा केला आणि वर्गातल्या आवाजात म्हणाली, 'हलू नका.' डास चावल्याएवढंही दुखलं नाही. मग ती घड्याळ बघत पाच मिनिटं कापूस धरून बसली. अशा वेळी नवराबायकोने काय बोलायचं ते कुणी शिकवत नाही. ती म्हणाली, गॅलरीचा नळ गळतोय, प्लंबरला सांगितलं का. मी म्हणालो, विसरलो. ती म्हणाली, कायम विसरता. आणि दोघांनाही हसू फुटलं, थांबेना. दहा मिनिटांनी ते औषध आपलं काम करत होतं आणि मी रडत होतो. तिने माझं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. पुढचं तुला सांगायचं कारण नाही.

घोटाळा मी केला, आणि तो माझ्याच धंद्याच्या सवयीने. काटा खुणेवर आला नाही की आम्ही वजन थोडं वाढवून बघतो. चौथ्या रविवारी मला वाटलं, आज जरा कमी पडतंय. ती हात धुवायला गेली तेव्हा सिरिंजमध्ये एका रेषेएवढं औषध मी वाढवलं. डॉक्टरांना न विचारता, तिला न सांगता. पाच वाजले, सहा वाजले, ते उतरेचना. मी मांडीवर उशी घेऊन वर्तमानपत्र वाचत बसलो. दुखायला लागलं तरी बोललो नाही. सातच्या सुमाराला ती म्हणाली, 'एक पान किती वेळ वाचताय?' आणि उशी उचलली. नर्सबाईंनी बजावलं होतं की चार तासांवर गेलं तर लाजत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा, नाहीतर कायमची इजा होते. तिने टॅक्सी बोलावली. जिन्यात शेजारच्या आजींनी विचारलं, काय झालं हो. ही म्हणाली, पाय मुरगळलाय. मग मला खालपर्यंत लंगडावं लागलं. दुसऱ्या पायाने लंगडायला लागलो तर तिने कानात सांगितलं, 'एकच पाय धरून ठेवा.' हॉस्पिटलमध्ये उलट काम करणारं औषध दिलं, तासाभरात सुटका झाली. तेव्हापासून सिरिंज ती भरते आणि माझे हात मांडीखाली ठेवायला लावते.

आता मधुमेहाचं. आमची लेक सुट्टीला आली, फ्रिज उघडला, लोण्याच्या कप्प्यात सुया आणि बाटली. तिने आम्हाला काही विचारलं नाही. तिकडे तुला मात्र फोन करून रडत सांगितलं की बाबांना इन्सुलिन चालू आहे आणि ते लपवतायत. संध्याकाळी माझ्यासमोर बिनसाखरेचा चहा आला. मी तुझ्या वहिनीकडे बघितलं, तिने माझ्याकडे. दोघांपैकी एकाने तोंड उघडायला हवं होतं. मी चहा प्यायलो. लेकीच्या घरी चौदा महिने तसाच पितोय. जावईबापू माझ्यादेखत केक खाताना अपराधी चेहरा करतात, आणि मी त्यांना म्हणतो, खा हो तुम्ही, माझं काय.

हसून झालं असेल तर पुढचं ऐक. सगळं पूर्वीसारखं झालंय असं मी म्हणणार नाही. आधी ठरवावं लागतं, दिवा लावावा लागतो, कधी नुसतीच सुई टोचली जाते आणि मन लागत नाही. काही रविवारी आम्ही इंजेक्शनच्या भानगडीत पडत नाही, पडदा ओढून बोलत पडतो आणि झोप लागते. पण आतल्या खोलीतल्या त्या पलंगावर आता इस्त्रीचे कपडे असतात. तुझ्या बाबतीत कदाचित याची गरजही पडणार नाही. तुझी गाठ लहान आहे, तू माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहेस. नसा वाचवता येतील का, हे डॉक्टरांना तोंड उघडून विचार. मी विचारलं नव्हतं. लाज वाटली होती.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळं आहे. माझं निदान झाल्यावर मी आठ महिने ऑपरेशन टाळलं होतं. तुम्हा सगळ्यांना सांगितलं की डॉक्टरच थांबा म्हणतायत. ते थांबा म्हणत नव्हते. मी थांबलो होतो, आणि तू ज्या कारणासाठी सर्दी सांगतोयस त्याच कारणासाठी. गेल्या महिन्यात माझा रक्ताचा रिपोर्ट आला, कॅन्सर दाखवणारा आकडा पुन्हा वाढायला लागलाय. पुढच्या आठवड्यापासून किरणोपचार सुरू होतील. घाबरण्यासारखं नाही, उपाय आहे, असं डॉक्टर म्हणतात. त्या आठ महिन्यांनी फरक पडला का, हे मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येणार नाही. लेकीच्या घरी आपण सगळे जमलो होतो, त्या दिवशी गच्चीवर तू मला हळूच विचारलं होतंस, 'दादा, बाकी सगळं ठीक ना?' तेव्हा मी तुझ्या पाठीवर थाप मारून म्हणालो, या वयात कसलं बाकी. तू लगेच मशीनचा विषय काढलास. तुझा रिपोर्ट तेव्हा तुझ्या खिशात होता, हे मला काल धाकटीकडून कळलं. मंगळवारी सकाळी मी तुझ्याकडे येतोय, तारीख घ्यायला आपण दोघं मिळून जाऊ. त्याआधी हे पत्र धाकटीला वाचायला दे. तुझ्या वहिनीला विचारूनच लिहिलंय, संकोच करू नकोस. आणि ती वाचत असेल तेव्हा काहीतरी काम काढून खोलीतून उठून जाऊ नकोस. तिच्या शेजारी बस.

तुझाच थोरला,
दादा