विश्वासरावांचं पुनरागमन

३ मार्च २०१४, सोमवार
अप्रेझल झालं. प्रमोशन दिलीपला. दिलीप माझ्यानंतर दोन वर्षांनी कंपनीत आला आणि त्याला अजून माझ्याच एक्सेल शीट लागतात. मिस्टर लिम मला म्हणाले की मी टीममधला सर्वांत अ‍ॅडजस्टिंग माणूस आहे. मी काहीच बोललो नाही. ही स्ट्रॅटेजी होती. शिवाय ईपी, म्हणजे इथला नोकरीचा परवाना, सप्टेंबरमध्ये रिन्यू व्हायचाय. चांगी बिझनेस पार्कपासून बुओना व्हिस्टापर्यंत एमआरटी ट्रेनमध्ये मनातल्या मनात लिमना अतिशय कडक बोललो. अ‍ॅसिडिटी.

संध्याकाळी लिफ्टमध्ये सातव्या मजल्यावरचा तो अवाढव्य गोरा भेटला. नाक दोन ठिकाणी वाकलेलं. पोलंडचा. बायको एवा इथे लॅबमध्ये रिसर्च करते. हा पूर्वी प्रोफेशनल आइस हॉकी खेळायचा, 'एन्फोर्सर' म्हणून. म्हणजे काय विचारलं. तर टीममध्ये एक छोटा, हुशार, गोल करणारा खेळाडू असतो. त्याला कोणी धक्का मारला की एन्फोर्सरने जायचं, ग्लोव्ह्ज काढून फेकायचे आणि त्या माणसाला धुवायचं. एवढंच काम. आणि त्याचा पगार!

नाव तीनदा विचारलं. तिन्ही वेळा 'विश्वास' सारखं काहीतरी ऐकू आलं. विश्वासराव म्हणतो. त्यांची हरकत दिसली नाही.

८ मार्च, शनिवार
विश्वासरावांकडे जेवायला. बीटाचं सूप आणि पावाबरोबर पांढरी चटणी, जी थेट नाकात जाते. करिअर ऐकलं. गाव कोळशाच्या खाणींचं. वडील खाणीत. हे सोळाव्या वर्षीच दारात मावेनात. कोच म्हणाला, तुला स्केटिंग येत नाही, तुझे हात दगडाचे आहेत, पण दगड उपयोगी पडतो. पुढे अकरा सीझन पोलंडमध्ये, दोन अमेरिकेतल्या कुठल्याशा छोट्या गावात. रात्र रात्र बसचा प्रवास. लोक यांच्या नावाचे बोर्ड घेऊन यायचे, त्यावर नाव चुकलेलं असायचं. सगळ्या करिअरमध्ये गोल चार. त्यातला एक पाठीला लागून आत गेला.

आणि आज हा माणूस जुराँगच्या रिंकवर लहान मुलांना प्लास्टिकचे पेंग्विन धरून उभं राहायला शिकवतो! डोळ्यांत पाणी आलं. (थोडं चटणीमुळे.)

ठरवलं. विश्वासरावांना परत आणायचं. मी त्यांचा मॅनेजर. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

१५ मार्च
सांगितलं. ते "नाही" म्हणाले.

विनय. मोठ्या माणसांचं असंच असतं. म्हणाले, एसीत बोटं दुखतात, कधी कधी बोलता बोलता शब्द सापडत नाही. एवावहिनींनी मारामारीला कायमची बंदी घातली आहे. अरुणाला हे सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, मग झालं की. कशाला मागे लागता त्या बिचाऱ्याच्या?" माझ्या आयुष्यातल्या प्रत्येक मोठ्या योजनेला हिचं पहिलं वाक्य हेच असतं.

चौकशी केली. रिंकवर नवशिक्यांची लीग आहे. आता एन्फोर्सरने ज्याचं संरक्षण करायचं, असा कोणीतरी लागतो. छोटा. हुशार. मला फार शोधावं लागलं नाही.

स्केटिंग येत नाही, पण १९८५ साली ठाण्यात सोसायटीच्या आवारात रोलर स्केट्स घातले होते. बेस पक्का आहे.

२३ मार्च, रविवार
रिंकवर पहिला दिवस. गार्गीला बरोबर नेलं, म्हणजे तिलाही काही शिकता येईल. मला पेंग्विन दिला. फॉर्मॅलिटी म्हणून. पेंग्विन माझ्या कमरेपर्यंत येतो, त्यामुळे पाठ धरली. पडलो बऱ्याचदा, पण दर वेळी वेगळ्या दिशेला. म्हणजे बॅलन्स सर्व बाजूंनी सारखा आहे.

गार्गीने अर्ध्या तासात पेंग्विन सोडला. बिगिनर्स लक. वर म्हणते, "Papa, so malu lah, people all looking." (मलू म्हणजे लाजिरवाणं.) विश्वासराव तिला म्हणाले, फार छान. मला म्हणाले, गुडघे वाकवा. लहान मुलांना उत्तेजन द्यावंच लागतं, समजू शकतो.

गार्गी त्यांना भलत्याच कुठल्या नावाने हाक मारते. इथल्या शाळांत उच्चारांकडे लक्षच देत नाहीत.

१ एप्रिल
एन्फोर्सरचं तत्त्व ऑफिसात लावलं. विश्वासराव सांगतात, निम्मी मारामारी नजरेने होते. पँट्रीत लिमकडे पापणी न हलवता बघत राहिलो. त्यांनी विचारलं, डोळे आलेत का. मग शनिवारचं सॉफ्टवेअर रिलीज माझ्याकडे दिलं. प्रतिक्रिया तर आली.

१२ एप्रिल
टीम जमली. कॅप्टन समीर. मूळ नागपूरचा, वन-नॉर्थच्या रिसर्च पार्कमध्ये काम करतो, स्वभावाने फार सज्जन, म्हणून कॅप्टन म्हणून थोडा कमी पडतो. विश्वासराव कोच व्हायला तयार! अट एकच, कोणी मारामारी करायची नाही. आणि ते स्वतः तर मुळीच नाही.

मी लगेच ओळखलं. सरप्राइज ठेवताहेत.

जेवताना हॉकर सेंटरमध्ये विरुद्ध टीमचा डग भेटला. कॅनडाचा, दातांचा डॉक्टर, आकाराने फ्रिजएवढा. त्याला सहज कानावर घातलं की आमच्या माणसाने चौदा जबडे मोडलेत. आकडा मीच काढला. व्यवसायामुळे त्याला पटकन समजेल असं वाटलं.

२१ एप्रिल, सोमवार
बातमी छान पसरली होती. इतकी, की दोन टीम्सनी आमच्याशी खेळायला नकार दिला आणि मुलांच्या वर्गातल्या एका आईने कोच बदलून मागितला.

विश्वासराव घरी आले. बसले नाहीत. मला वाटलं होतं ओरडतील, तर इतकं हळू बोलले की अरुणाने मिक्सर बंद केला. म्हणाले, शेवटच्या सीझनला समोर एक नवीन पोरगा आला. बावीस वर्षांचा. त्याला यांची जागा हवी होती. एक ठोसा बसला आणि तो बर्फावर पडला तो उठेच ना. पुढे बरा झाला. आता टायर विकतो, नाताळात कार्ड पाठवतो. "पण तो पडला होता तेवढा वेळ माझ्या आयुष्यातून जात नाही. मी इथे आलो कारण इथे मला कोणी ओळखत नव्हतं, निशिकांत."

सगळ्यांना खरं सांगा म्हणाले. मी हो म्हटलं. ते गेल्यावर अरुणा माझ्याशी जेवेपर्यंत बोलली नाही.

ग्रुपवर मेसेज टाकला: 'कोचबद्दल जे ऐकलंत ते खोटं आहे, असं अधिकृतपणे जाहीर करण्यात येत आहे.' खरंही सांगितलं आणि वजनही राखलं. समीरने तो मेसेज काढायला लावला आणि स्वतः दुसरा लिहिला. त्यात काही दम नव्हता, पण टीम्स परत आल्या. ती आईसुद्धा.

४ मे, रविवार
मॅच. डावा हात चालतोय तेवढं लिहितो.

शून्य-शून्य होतं. समीरने शेवटी मला आत पाठवलं. मी सरळ डगकडे गेलो (सरळ म्हणजे दिशेने) आणि म्हणालो, तू म्हशीसारखा स्केटिंग करतोस. मराठीत म्हणालो. त्याला कळलं नाही, म्हणून भाषांतर करून सांगितलं. आणि बेंचकडे बघितलं. आता ग्लोव्ह्ज पडणार!

विश्वासराव केळं खात होते.

डग हसला. नुसता जवळून गेला. मला धक्कासुद्धा लावला नाही! त्याच्या वाऱ्याने तोल गेला म्हणून मी त्याची जर्सी धरली आणि आम्ही दोघं पडलो, मी खाली. शिट्टी. पेनल्टी मला. दोन मिनिटं पिंजऱ्यात. विश्वासरावांनी अर्धं करिअर अशाच बाकावर काढलं असणार, म्हणून ताठ बसलो. तेवढ्यात एक माणूस कमी म्हणून आमच्यावर गोल झाला. त्या एका गोलने हरलो.

मनगट फ्रॅक्चर.

सर्वांत आधी धावत आला तो डग. त्यानेच हात बांधला. नोव्हेनाच्या हॉस्पिटलपर्यंत टॅक्सीत विश्वासराव शेजारी बसले, माझ्या मनगटावर बर्फाची पिशवी धरून. त्यांची बोटं जवळून बघितली. एकही सरळ नाही. मी चिडलोच होतो. विचारलं, का नाही आलात? मी तुमचा छोटा खेळाडू होतो!

त्यांनी पिशवी उलटी करून परत मनगटावर धरली. मग म्हणाले, "मी ज्यांच्यासाठी भांडलो, त्यांच्यापैकी कोणी कधी मला मारामारी करायला सांगितलं नव्हतं. ते फक्त खेळायचे. म्हणून वाईट वाटायचं त्यांना कोणी मारलं की."

मी म्हटलं, पॉइंट नोटेड. ऑफिसातलं तोंडात बसलंय.

६ मे
प्लॅस्टर बघून सगळ्या फ्लोअरवर चर्चा. विचारणाऱ्याला 'हॉकी फाइट' एवढंच सांगतो. दिलीपने कॉफी आणून दिली. हीच वेळ! लिमच्या केबिनमध्ये स्वतःहून शिरलो. आज ग्लोव्ह्ज काढायचेच. आज बोलायचंच.

लिम म्हणाले, बरं झालं आलास, शनिवारचं रिलीज डाव्या हाताने जमेल ना?

मी म्हटलं, शुअर, नो प्रॉब्लेम.

दुखत असताना कोणतेही मोठे निर्णय घेऊ नयेत.

१ जून, रविवार
सीझन संपला. हॉकर सेंटरमध्ये सगळ्यांचं जेवण, डगची टीमसुद्धा. मॅनेजर म्हणून मी भाषण तयार केलं होतं, पण माझ्या आधी विश्वासराव उठले. म्हणाले, रिंकने मला मुलांचा कायमचा कोच केलं आहे. हे बोलताना मधेच एक शब्द अडला, तर एवावहिनींनी बसल्याबसल्या हळूच पुरवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ते लाजले. एवढा मोठा माणूस लाजताना मी पहिल्यांदाच बघितला. ज्युनिअर टीममध्ये घेतलेल्यांची नावं वाचली, त्यात गार्गी. ती माझ्याकडे बघून हसली आणि लगेच मैत्रिणींकडे पळाली.

पुनरागमन झालं म्हणायचं. माझी आठवण कोणी काढली नाही, ते राहून गेलं असेल.

मग समीर खुर्ची ओढून जवळ बसला. खांद्यावर हात ठेवून, सज्जन माणसाला जमेल तितक्या हळुवारपणे म्हणाला, की पुढच्या सीझनला टीम फुल आहे. पण निशिकांतदादा, तुम्हाला यायचंच असेल तर मॅचच्या वेळी पाण्याच्या बाटल्या भरायला एक माणूस हवा आहे.

मला राग आला. वीस वर्षांचा अनुभव, सीनिअर मॅनेजरच्या उंबरठ्यावरचा माणूस! मी स्पष्ट सांगितलं, कॅलेंडर बघून कळवतो.

मग विचारलं, किती बाटल्या असतात.